दीड किलोचं मशीन

परवा शनिवारी कपाट आवरताना बाबांचं ग्लुकोमीटर सापडलं. सेल संपलेला, पट्ट्या कधीच्या एक्स्पायर झालेल्या. "तीन महिन्यांनी लॅबमध्ये तपासतोच की!" इति बाबा. तीन महिन्यांतून एकदा लॉग बघून सर्व्हर चालतो का हो, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. त्याऐवजी त्यांना रिचर्ड बर्नस्टीनची गोष्ट सांगितली.

हा अमेरिकेतला, पेशाने इंजिनिअर. १९४६ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, टाइप १ मधुमेह. तेव्हा घरच्या घरी तपासायची ती लघवी. पण रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही, आणि दिसते तीसुद्धा काही तासांपूर्वीची. खाली घसरली तर पत्ताच नाही. म्हणजे शिळा लॉग, तोही अर्धवट! पस्तिशीपर्यंत त्याच्या किडनीवर परिणाम दिसायला लागला होता.

१९६९ मध्ये लॅबवाल्यांच्या एका मासिकात त्याने जाहिरात पाहिली. एम्स कंपनीचं मशीन, रक्ताच्या एका थेंबावरून मिनिटभरात साखरेचा आकडा. वजन जवळजवळ दीड किलो, किंमत ६५० डॉलर. रात्री बेशुद्ध आलेला माणूस दारू प्यायलाय की मधुमेही आहे, हे इस्पितळात पटकन कळावं म्हणून ते बनवलेलं. रुग्णाला विकत मिळायचंच नाही! पण त्याची बायको डॉक्टर होती. तिच्या नावावर ऑर्डर गेली.

मग दिवसातून पाचेक वेळा बोट टोचणं सुरू. आकडे ४० च्या खालून ४०० च्या वर उड्या मारत होते. त्याने अस्सल डीबगिंग केलं: एका वेळी एकच गोष्ट थोडी बदलायची, खाणं किंवा इन्सुलिन, आणि पुन्हा मोजायचं. त्यातून पिष्टमय पदार्थ जवळपास बंद झाले आणि इन्सुलिन विभागून घेणं सुरू झालं. (त्याच्या इतक्या कडक आहारावर डॉक्टरांमध्ये अजून वाद आहेत. बाबांना तो आहार मी सुचवलेला नाही, घरात राहायचंय मला :) )

हे सगळं लिहून पाठवलं, तर वैद्यकीय नियतकालिकांनी परत केलं. पठ्ठ्या १९७९ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, मेडिकल कॉलेजात दाखल झाला आणि डॉक्टर होऊन बाहेर पडला. १९९३ मध्ये टाइप १ च्या १,४४१ रुग्णांवरच्या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. रोज चारदा तरी मोजून इन्सुलिन जुळवणाऱ्या गटात डोळ्यांच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी कमी निघाला. बर्नस्टीन २०२५ मध्ये गेला, नव्वदाव्या वर्षी.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. रविवारी नव्या पट्ट्या आणल्या. पोह्यांनंतर दोन तासांनी २१२.

"उद्या अर्धीच बशी घेतो," बाबा म्हणाले, "बघू किती येतंय."