आठ दिवसांच्या उधारीवर

नेपल्स शहरात पिझ्झाचे आंबवलेले पीठ हाताने थापून, त्यात सारण भरून ते दुमडले, की त्याला ‘काल्त्सोने’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ विजारीचा पाय. आमच्या वाचकांनी एक भली मोठी करंजी डोळ्यांपुढे आणली, तरी काम भागेल. परंतु भट्टीत भाजलेल्या ह्या काल्त्सोनेपेक्षा तिच्या गरीब बहिणीचा, म्हणजे तळलेल्या पिझ्झाचा, इतिहास मला अधिक मोलाचा वाटतो.

1943 च्या सप्टेंबर महिन्यात, 27 ते 30 ह्या चार दिवसांत, नेपल्सच्या सामान्य जनतेने जर्मन सैन्याशी रस्त्यारस्त्यांतून झुंज दिली. 1 ऑक्टोबरला दोस्त सैन्ये शहरात शिरली. स्वातंत्र्य आले, पण अन्न आले नाही. बॉम्बहल्ल्यांनी घरे पडली होती, जाताजाता जर्मनांनी पाणीपुरवठा मोडून टाकला होता, आणि त्याच हिवाळ्यात विषमज्वरासारख्या टायफस रोगाची साथ उसळली. अशा दिवसांत भट्टी कोठून पेटावी? कढई मात्र दारातही मांडता येते. गल्लीकडे तोंड असलेल्या एकखणी घराला तेथे ‘बास्सो’ म्हणतात. त्याच्या उंबऱ्याशी बसून बायका पिझ्झा तळून विकू लागल्या. आत थोडे रिकोत्ता, म्हणजे निवळीपासून केलेले मऊ पनीर, आणि चरबी कढवून उरलेले डुकराच्या मांसाचे कुरकुरीत तुकडे. कढत तेलात पडताच आतल्या वाफेने ती घडी टम्म फुगे. मूठभर पिठाचा ऐवज ताटभर दिसे. भुकेल्या माणसाला ह्या फसवणुकीचाही आधार वाटला असेल!

पैसे नसले, तर? त्यासाठी ‘ओज्जे आ ओत्तो’ ही चाल होती: आज खावे, आठ दिवसांनी द्यावे. कागद नाही, जामीन नाही. गल्लीतली ओळख हेच तारण. व्हित्तोरिओ दे सिका ह्यांनी 1954 च्या ‘लोरो दी नापोली’ ह्या चित्रपटात ही उधारी अमर केली. सोफिया लॉरेन त्यात पिझ्झावाली झाली आहे. प्रियकराकडे विसरलेली पाचूची अंगठी पिठात पडली असावी, असे ती नवऱ्याला भासवते, आणि मग ते दोघे दिवसभराच्या गिऱ्हाइकांना शोधीत दारोदार हिंडतात. गिऱ्हाईक कोण, कोठे राहते, हे ठाऊक असल्यावाचून ही कथा घडतीच ना.

2017 साली युनेस्कोने नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदविली. हा मान योग्यच होय. मात्र त्या नोंदीत लाकडावर पेटलेली भट्टी आहे. उंबऱ्यावरची कढई नाही.