भगवानदादांचा ठोसा आणि आळंदीची भिंत

४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरच्या चाळीतल्या घरी भगवानदादा हृदयविकाराने वारले. वय ८८. दुसऱ्या दिवशी आळंदीच्या एस.टी. स्टँडवर उभ्याउभ्याच मी वर्तमानपत्रे चाळली. सगळीकडे जवळपास एकच मजकूर होता : 'अलबेला', त्यातला नाच, जुहूचा बंगला, मोटारींचा ताफा आणि शेवटी पुन्हा चाळ. वर चढलेला माणूस खाली कसा आला ही गोष्ट मध्यमवर्गाला नेहमीच आवडते. तिच्यात हळहळता येते, आणि आपण सावध राहिलो याचे समाधानही मिळते. मी मात्र त्या मजकुरात दुसराच भगवान शोधत होतो. नाचणारा नव्हे, मारामारी करणारा. सुरुवातीच्या काळात काही मारधाडपट केले, एवढ्या दीड ओळीत तो आटोपला होता. त्या दीड ओळीत दहा-अकरा वर्षे आणि गिरणगावातले हजारो प्रेक्षक गाडले गेले आहेत. हे टिपण त्या दीड ओळीसाठी आहे.

१९५४ सालची कार्तिकी. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. यात्रेत नदीपलीकडच्या मोकळ्या रानात तंबू थेटर लागले होते. इंजिनाची धडधड, भोंग्यातून गाणी, कनातीवर रंगवलेला पैलवान. मुंबईच्या गिरणीत असलेले माझे चुलते यात्रेसाठी गावी आले होते. त्यांनीच मला नेले. भगवानचा जुना मारधाडपट होता. फिल्म इतकी झिजलेली, की पडद्यावर सारखा पाऊस पडत होता. ठेंगणा, आडव्या अंगाचा, गोल चेहऱ्याचा एक वेंधळा माणूस. ज्याला त्याला त्याची थट्टा करावीशी वाटते. तो हसून सोसतो. आणि मग एका क्षणी तो बाह्या सारतो. सगळा तंबू उठून उभा राहिला. चुलते ओरडले, "आता बघ रं पोरा, दादाचा हात!"

तंबूत सगळे भुईवरच बसत. तिकीट काढले की कोण, कुठला, कुणी विचारीत नव्हते. अंधार होता, आणि अंधारात शिवाशीव पाळायची म्हटली तरी पाळता येत नाही. माझ्या आजीने उभा जन्म महाद्वाराबाहेरून कळसाला हात जोडण्यात काढला होता. मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७ साली झाला, पण पायांना लागलेली सवय कायद्याने एका दिवसात सुटत नाही. वाघावर बसून आलेल्या चांगदेवाला भेटायला ज्ञानेश्वर भावंडांसह भिंतीवर बसून गेले, ही कथा आळंदीत वाढणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगितली जाते. ती भिंतही दाखवतात. आमच्या वस्तीत ही कथा निघाली की आजी म्हणायची, "भित चालली खरी, पर आपल्याकडं न्हाई आली." तंबूतल्या त्या रात्री मला वाटले, आता ती आली.

भगवान आबाजी पालव यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ रोजी अमरावतीला झाला. वडील गिरणीकामगार. स्वतः भगवाननेही मोलमजुरी केली. शिक्षण फारसे झाले नाही; नाद होता तो शरीर कमावण्याचा आणि सिनेमाचा. मूकपटांच्या अखेरच्या दिवसांत 'क्रिमिनल'मधून तो पडद्यावर आला. त्या वेळी पडद्यावर राज्य होते ते शरीराचे. मास्टर विठ्ठल हे त्या राज्याचे पहिले मराठी नाव. तलवारबाजी, उड्या आणि मारामारी यांवर त्यांचे मूकपट चालत. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेल्या 'आलम आरा' या पहिल्या बोलपटाचे नायकही तेच. पण बोलपट आला आणि शरीराचा भाव उतरला. उर्दूचे उच्चार आणि गाणारा गळा यांना किंमत आली. जो बोलतो तो नट आणि जो मारामारी करतो तो खेळ्या, अशी वर्णव्यवस्था चित्रपटधंद्यातही तयार झाली. मारधाडपट खालच्या पायरीवर गेले.

त्याच पायरीवर भगवानने आपले दुकान मांडले. १९३८ साली 'बहादूर किसान'चे सहदिग्दर्शन केले आणि १९४९ पर्यंत कमी भांडवलाचे मारधाडपट तो एकामागून एक काढीत राहिला. १९४२ साली तो 'जागृती पिक्चर्स'चा निर्माता झाला आणि १९४७ साली चेंबूरला त्याने स्वतःचा स्टुडिओ उभा केला. गिरणीकामगाराचा मुलगा स्टुडिओचा मालक झाला. त्या स्टुडिओच्या पायात कोणा शेठची मोठी रक्कम असेल नसेल; पिटातल्या तिकिटांचे आणे नक्कीच होते.

ते आणे कुणाचे, हे पाहिले पाहिजे. माझे चुलते रिंगखात्यात होते. साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, पगार जास्त होता. पण ते खाते अस्पृश्यांना बंद होते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आमचे तोंड लागलेला धोटा दुसरा विणकर तोंडाला लावणार नव्हता. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला तेव्हा कामगारांच्या पुढाऱ्यांनाही तो अवघड वाटला. धोट्याला जात होती, नळाला जात होती, चाळीतल्या जिन्याला जात होती. अशा मुंबईत आठवड्याची सुटी आली की माझे चुलते पिटात जाऊन बसत. तिथे शेजारच्या माणसाचा खांदा खांद्याला लागे आणि दोघांच्याही तोंडून एकच आरोळी निघे. मारधाडपटाने जात मोडली असे मी म्हणणार नाही. तीन तास तिला दाराबाहेर उभे केले, एवढेच. पण ज्याने आयुष्यभर दाराबाहेर उभे राहून काढले, त्याला त्या तीन तासांचे मोल कळते.

शिष्ट समीक्षेने या चित्रपटांना हीन ठरवले. त्यात कथा नाही, कला नाही, बोध नाही. ते जपण्याची गरज कुणाला वाटली नाही. त्या काळची नायट्रेट फिल्म झटकन पेट घेणारी. जुन्या फिल्मा चांदी काढण्यासाठी वितळवल्या जात. ज्या उरल्या त्या तंबूवाल्यांनी चिंध्या होईपर्यंत चालवल्या. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते १९६४ साली. तोवर भगवानचे बहुतेक मारधाडपट नाहीसे होण्याच्या वाटेवर होते. 'आलम आरा'चीही प्रत उरली नाही, हे खरे. पण तिच्यासाठी निदान इतिहासकार हळहळतात. अशिक्षित कामगारांनी डोक्यावर घेतलेल्या चित्रपटांसाठी हळहळायला कोण येणार? ज्यांचा इतिहास कुणी लिहिला नाही, त्यांच्या करमणुकीचा इतिहासही कुणी लिहीत नाही.

एवढे बोलल्यावर दुसरी बाजू मांडणे भाग आहे. केवळ आठवणीच्या उमाळ्याने लिहिलेले टिपण म्हणजे आरती होते, आणि आरत्या आपल्याकडे भरपूर आहेत.

भगवानचा ठोसा कुणावर पडत होता? दरोडेखोरावर, कपटी दिवाणावर, गुंडावर. त्या खलनायकाला जात नव्हती आणि ठोसा मारणाऱ्यालाही नव्हती. त्याच काळात दुसऱ्या बाजूला 'सामाजिक' चित्रपट निघत होते. पुण्याच्या प्रभातने १९३५ साली 'धर्मात्मा' काढला. त्यात एकनाथ आहेत, आणि त्यांच्या दयेचा विषय म्हणून महार आहेत. १९३६ साली बॉम्बे टॉकीजने 'अछूत कन्या' काढला. त्यातली अस्पृश्य मुलगी प्रेम करते, रडते आणि शेवटी आगगाडीखाली मरते. हे चित्रपट चांगल्या हेतूने काढलेले होते, यात शंका नाही. पण दोन्ही पंथ शेजारी शेजारी ठेवून पाहा. सामाजिक चित्रपटात दलित होता, पण तो लढत नव्हता. मारधाडपटात लढाई होती, पण तिथे दलित नव्हता. ज्याला अन्याय माहीत त्याच्या हातात बळ नाही, आणि ज्याच्या हातात बळ त्याला अन्यायाचे नाव माहीत नाही. मराठी माणसांनी घडवलेल्या या धंद्याने आमच्या माणसाचे असे दोन तुकडे केले.

आणि हे काही योगायोगाने झाले नव्हते. १९३१ सालचा 'दिलेर जिगर' हा मूकपट सुदैवाने वाचला आहे. त्याचा नायक दोरावर कसरती करून पोट भरणारा, गरिबाघरी वाढलेला तरुण. त्याची चपळाई, त्याची जिगर ही सगळी डोंबाऱ्याची. पण कथेला ते पुरत नाही. तो मुळात राजपुत्रच असावा लागतो. तान्हेपणी राजवाड्याला मुकलेला. कौशल्य खालच्याचे आणि रक्त वरचे! आमच्याकडच्या शौर्यकथा हीच अट घालत आल्या. त्या दृष्टीने भगवानचा वेंधळा गरीब नायक एक पाऊल पुढे होता. तंबूत आम्हाला भावला तो त्याचा साधेपणा. राजघराण्याचा शिक्का त्याच्या चेहऱ्यावर कधी शोभलाच नसता. पण त्याने मारलेली भिंत पुठ्ठ्याची होती.

हे मला समजले ते फार नंतर, एका परक्या नटामुळे. सत्तरीच्या दशकात पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत आमची पहिली पिढी कामाला लागली, आणि भोसरीच्या शाळेत मी शिकवू लागलो. ब्रूस ली १९७३ सालीच वारला होता, अवघ्या ३२ व्या वर्षी. पण त्याचे चित्रपट आमच्याकडे त्यानंतर पोचले. पोरे पाळी संपवून पुण्याला जाऊन ते पाहत आणि परतल्यावर वस्तीच्या मैदानात लाथा झाडीत. 'फिस्ट ऑफ फ्युरी' (१९७२) मध्ये शांघायच्या एका बागेच्या दारावर पाटी आहे : कुत्रे आणि चिनी यांना प्रवेश नाही. ब्रूस ली ती पाटी उडवतो आणि हवेतच लाथेने फोडतो. पाटीचे शब्द चित्रपटाने घडवलेले आहेत, पण मज्जाव खरा होता. शांघायची ती बाग चिनी माणसाला १९२८ पर्यंत बंद होती. त्याच्या आदल्याच वर्षी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते. जनावर ज्या पाण्याला तोंड लावते ते माणसाला वर्ज्य, ही पाटी आमच्याकडे लिहिण्याची गरजसुद्धा नव्हती. ब्रूस लीच्या लाथेला आपण काय फोडतो आहोत हे ठाऊक होते. भगवानच्या ठोशाला ते ठाऊक नव्हते. दोघांतला फरक ताकदीचा नाही, जाणिवेचा आहे.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय हा हिशेब पुरा होणार नाही. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवानने ललिता पवारांना थप्पड मारायची होती. ती जोरात बसली. चेहऱ्याचा लकवा झाला, तीन वर्षे उपचार चालले, डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेचे दिवस संपले आणि उरलेला जन्म ती बाई पडद्यावर खाष्ट सासू झाली. तिच्या अधू डोळ्याचाच लोकांनी तिरस्कार केला आणि त्यालाच अभिनय म्हटले. पडद्यावरचा मार खोटा असतो, त्याची इजा मात्र खरी असते. आणि ती नेहमी कमी ताकदीच्या बाजूला होते. बळाचे कौतुक करताना दलित चळवळीने ही गोष्ट विसरू नये. आमच्या वस्त्यांतही पिक्चरमधला ठोसा घरी येऊन बाईवर पडलेला मी पाहिला आहे.

मग भगवानदादांचे आमच्यावर ऋण काय? त्याच १९५४ सालच्या डिसेंबरात, कार्तिकीनंतर महिन्याभराने, चुलत्यांनी मला देहूरोडला नेले. २५ डिसेंबरला बाबासाहेबांच्या हस्ते तिथे बुद्धमूर्तीची स्थापना झाली. मी चुलत्यांच्या खांद्यावर होतो. तंबूत पडद्यावरच्या माणसासाठी उभी राहिलेली तशीच माणसे इथे स्वतःसाठी उभी होती. आज मागे वळून पाहताना वाटते, तंबूने आम्हाला उभे राहायला शिकवले. कशासाठी उभे राहायचे ते देहूरोडने शिकवले. पहिल्याला दुसऱ्याची जागा घेता येणार नाही. पण पाठ वाकवायलाच शिकलेल्या माणसाला ताठ पाठीचे स्वप्न दाखवणारा माणूस क्षुल्लक म्हणून फेकूनही देता येणार नाही.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) शेवटी जब्या दगड भिरकावतो, आणि तो सरळ पाहणाऱ्याच्या दिशेने येतो. ते पाहताना मला आळंदीचा तंबू आठवला. अन्याय ज्याला माहीत आहे त्याच्याच हातात दगड होता; तुटलेले दोन तुकडे एका पोरात जुळले होते. त्यासाठी 'अछूत कन्या'पासून ७७ वर्षे लागली.

चुलते आज नाहीत. ते रान राहिले नाही. तिथून आता चाकणला जाणाऱ्या कंत्राटी कामगारांच्या बसगाड्या धावतात. गाडीतली पोरे मोबाइलवर मारामारीच पाहत असतात. त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही. मी एवढेच विचारतो, की बाळांनो, हा ठोसा कुणावर पडतो आहे? भगवानदादांच्या वेळी आम्हाला हे विचारणारे कुणी नव्हते.