मोहल्ल्याची बैठक

शहर रचायचे म्हणजे रस्ते, गटारे, बागा, असे आपण धरून चालतो. भिवंडीत यातले फारसे काही कुणी रचले नाही. माग आले तिथे शेड पडल्या आणि शेडच्या पाठीशी माणसे राहिली. उत्तर प्रदेशातले मोमीन विणकर, तेलंगणातले पद्मशाली, कोकणातले जुने रहिवासी. एकाच खाटेवर दिवसपाळीचा कामगार रात्री झोपतो, रात्रपाळीचा दिवसा, आणि दोघेही जेवतात बिशीत. अशा गावात ‘हे शहर माझे’ ही भावना कशी रुजते? मला या प्रश्नाचे उत्तर नगररचनेच्या नव्हे, तर पोलिसांच्या इतिहासात सापडले.

7 मे 1970. शिवजयंतीची मिरवणूक आणि त्यानंतरची दंगल. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिचा तपशील नोंदवला. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जावी, मशिदीसमोर काय व्हावे, असे साधे वाटणारे प्रश्न तिच्या मुळाशी होते. रस्ता कुणाचा, हाच वाद. मे 1984 मध्ये भिवंडी पुन्हा पेटली.

1988 च्या सुमारास पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. मोहल्ल्यामोहल्ल्यात दोन्ही धर्मांचे लोक, तेही पुढारी नव्हे तर साधे रहिवासी, आणि सोबत त्या भागाचा पोलीस. बैठका नियमित होत. (नियमितपणाच महत्त्वाचा. शांतता समिती दंगलीनंतर बसते, ही दंगलीआधी बसली.) शेजाऱ्याला नावाने ओळखणारा माणूस अफवेवर लगेच विश्वास ठेवत नाही. तसेच ओळखीचा हवालदार वर्दीतला परका राहत नाही.

डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबईत सुमारे 900 माणसे मेली. हाकेच्या अंतरावरची, दोनदा पोळलेली भिवंडी मात्र शांत राहिली. याचे सारे श्रेय समित्यांना देणे मला घाईचे वाटते, पण त्यांना वगळणे तर अशक्यच.

मात्र ही रचना अधिकाऱ्यांच्या उत्साहावर उभी होती. जुलै 2006 मध्ये कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून वाद पेटला. गोळीबारात दोघे ठार झाले, नंतर जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. भांडण पुन्हा जागेचेच होते, आणि या वेळी समोरासमोर होते ते पोलीस आणि मोहल्ला.