सचिनची फेरारी आणि आपली पहिली सेकंडहँड स्पोर्ट्स कार

या एपिसोडचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. मागचे दोन-तीन महिने एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: "पहिली स्पोर्ट्स कार घ्यायचीय, नवी परवडत नाही, सेकंडहँड घेऊ का? आणि कुठली?" विचारणारे बहुतेक माझ्याच वयाचे आहेत. पाच-सात वर्षं नोकरी झालीय, थोडे पैसे साठलेत. वसई-विरारकडे तेवढ्या पैशांत वन बीएचकेचं डाउन पेमेंट होतं. म्हणजे प्रश्न हौसेचा असला तरी घरच्यांसाठी तो घराचा प्रश्न आहे. म्हणून टॉप फाइव्हची यादी वाचून दाखवण्यापेक्षा आज थोडा इतिहास सांगतो. कारण आपल्याकडे जुनी स्पोर्ट्स कार घेताना इंजिनाच्या आधी गाडीचा इतिहास बघावा लागतो, आणि तो इतिहास कागदांत असतो.

सुरुवात करू भारतातल्या सगळ्यात प्रसिद्ध सेकंडहँड फेरारीपासून. अर्थात सचिनची.

एप्रिल २००२. पोर्ट ऑफ स्पेनला सचिनने २९वं कसोटी शतक मारलं आणि ब्रॅडमनची बरोबरी केली. त्याबद्दल फियाटतर्फे त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. जुलैमध्ये सिल्व्हरस्टोनला खुद्द मायकल शूमाकरने ती त्याच्या हवाली केली. इथवर गोष्ट परीकथेसारखी. पुढे गाडी भारतात आणायची वेळ आली आणि कस्टम्स आडवं आलं. ड्युटी होती सुमारे १ कोटी १३ लाख रुपये. सूट मिळण्याची सोय होती, पण ती बक्षीस म्हणून जिंकलेल्या गाडीला. भेट म्हणून मिळालेल्या गाडीला नाही. सरकारने तरी सूट दिली, त्यावर गदारोळ झाला, २००३ मध्ये प्रकरण जनहित याचिकेतून दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी ती ड्युटी फियाटने भरली.

बघा, "बक्षीस" आणि "भेट" या दोन शब्दांमधला फरक एक कोटीच्या वर गेला! सचिनच्या गाडीला हा नियम लागतो, तर तुमच्या-माझ्या गाडीला लागणारच.

ही गाडी इथे आली तेव्हा फेरारी कंपनी भारतात अधिकृतपणे गाड्या विकतही नव्हती. ती आली २०११ मध्ये. आणि त्याच वर्षी सचिनने आपली मोडेना सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. पुढच्या वर्षी राजेश मापुस्करांचा 'फेरारी की सवारी' आला आणि ज्यांनी फेरारी कधी जवळून पाहिली नव्हती त्यांनाही ही लाल गाडी घरची वाटायला लागली. आता विचार करा, सुरतच्या त्या खरेदीदाराने काय विकत घेतलं? ३.६ लिटरचं व्ही-एट इंजिन, ४०० हॉर्सपॉवर, हे तर झालंच. पण तशा मोडेना जगात हजारो आहेत. त्याला मिळालेली खरी दुर्मीळ गोष्ट वेगळी होती. गाडी कुठून आली, कोणी दिली, ड्युटी किती आणि कोणी भरली, हे सगळं देशाला पाठ होतं. इतका उघडा इतिहास असलेली सेकंडहँड गाडी आपल्याला मिळणार नाही. आपला इतिहास आपल्यालाच खणून काढावा लागतो.

आता जरा मागे जाऊ, कारण हा कागदांचा खेळ सचिनपासून सुरू झालेला नाही.

१९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली होती. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण ठरवलं की नुसते सुटे भाग आणून जोडणारे नकोत, इथे गाडी बनवणारे हवेत. १९५४ पर्यंत जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही गाशा गुंडाळला. मुंबईत उरली ती वालचंद हिराचंद यांची प्रीमियर, कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट बनवणारी. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं सामान्य माणसासाठी नवी परदेशी गाडी हा प्रकारच बंद होता. मग इंपोर्टेड गाडी यायची कुठून? एक मोठी वाट होती दूतावासांची. परदेशी अधिकारी जाताना गाडी इथेच सोडायचे, ती स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकली जायची. म्हणजे आपल्याकडे कित्येक वर्षं "इंपोर्टेड" याचा अर्थच "सेकंडहँड" होता. आणि त्या गाडीची किंमत ठरायची ती कागद साफ आहेत का यावर. पार्ट मिळतात का, हा प्रश्न त्यानंतरचा.

१९९३ मध्ये मोटारनिर्मितीवरचं लायसन्स राज गेलं. २००१ मध्ये जुन्या गाड्यांची आयातही खुली झाली, पण अटी अशा की बंद बरी: गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडेच हवं आणि उतरणार फक्त मुंबई बंदरात. परदेशातून कायमचे परत येणाऱ्यांना स्वतःची गाडी आणण्याची वेगळी सवलत होती, त्यातही काही काळ ती विकायची नाही अशी अट. या सवलतीचा गैरवापर करून आणलेल्या आलिशान गाड्या महसूल गुप्तचर विभागाने, म्हणजे डीआरआयने, वेळोवेळी पकडल्यात. गोम अशी की असली गाडी पाचव्या मालकाकडे असताना सापडली तरी जप्ती त्या पाचव्या मालकाच्या दारातून होते. पहिला मालक तोवर कुठे असेल, देव जाणे.

त्यामुळे पहिला नियम: बाहेरून आलेल्या गाडीची बिल ऑफ एन्ट्री मागा. गाडी देशात येताना कस्टम्समध्ये भरलेला तो कागद. त्यावरचा चॅसिस नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर स्वतः वाकून जुळवून बघा. मी मागच्या वर्षी एक जर्मन टू-सीटर बघायला गेलो होतो. रंग, टायर, आवाज, सगळं फर्स्ट क्लास. बिल ऑफ एन्ट्री मागितली तर विकणारा म्हणाला, "अहो साहेब, आरसी आहे ना, ते कशाला?" मी चहा प्यायलो आणि निघालो. आरसी सांगते की गाडी इथे नोंदली गेलीय. ती देशात कशी आली, हे आरसी सांगत नाही.

दुसरा कागद टॅक्सचा. महाराष्ट्रात इंपोर्टेड गाडीवर एकरकमी कर किमतीच्या २० टक्के. त्यामुळे लोक गाड्या पुदुच्चेरीसारख्या ठिकाणी नोंदवायचे आणि फिरवायचे मुंबईत. २०१७ मध्ये राज्याने या कराला २० लाखांची कमाल मर्यादा घातली, २०२५ मध्ये ती ३० लाख केली. आज जुन्या बाजारात परराज्याच्या नंबरची गाडी स्वस्त दिसते, त्यामागे हा इतिहास आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावाच लागतो. म्हणजे वसईत एमएच-४८ करताना मूळ आरटीओची एनओसी, इथला कर (गाडीच्या वयाप्रमाणे तो कमी होतो, पण शून्य होत नाही) आणि कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५, एवढं आलं. हे सगळं धरून बेरीज करा. बऱ्याचदा "स्वस्त" गाडी महाराष्ट्राच्या गाडीइतकीच पडते, आणि हेलपाटे वेगळे.

तिसरा इतिहास यंत्राचा. पुन्हा मोडेनाकडे येऊ. ३६० च्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे आणि तो किलोमीटर न बघता दर काही वर्षांनी बदलावा लागतो. गाडी नुसती उभी असली तरी रबर म्हातारं होतं. त्याआधीच्या ३५५ मध्ये तर या कामासाठी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागायचं. ३६० मध्ये सीटमागच्या झडपेतून हात पोचतो. २००४ ला आलेल्या एफ ४३० मध्ये फेरारीने बेल्ट काढून चेन टाकली. म्हणून "फक्त आठ हजार किलोमीटर चाललीय" हे ऐकून हुरळून जाऊ नका. पंधरा वर्षांत आठ हजार म्हणजे गाडी झोपून होती. सील, बेल्ट, टायर, सगळ्यांचं वय बघा. सर्व्हिसची बिलं दरवर्षीची हवीत, ढीगभर एकाच महिन्याची नकोत.

"फेरारी राहू दे रे, आपल्या बजेटचं बोल," असं कोणीतरी म्हणणारच. आपल्या भागातही स्पोर्ट्स कार बनल्यात. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात सॅन स्टॉर्म बनायला लागली: दोन सीट, उघडं छप्पर, फायबरची बॉडी आणि रेनॉचं छोटं १.२ लिटर इंजिन. वेग बेताचा, पण फायबर गंजत नाही, आणि खाऱ्या हवेत राहणाऱ्या वसईकराला ती किंमत कळते. मग २०१२ च्या ऑटो एक्स्पोत दिलीप छाब्रियांची डीसी अवंती आली. दिसायला सुपरकार, इंजिन मागे, तेही रेनॉचंच, दोन लिटर टर्बो. दोन्ही आता बनत नाहीत. इंजिनाचं काम जमून जाईल, पण दाराची काच, दिवा, बंपर फुटला की शोधाशोध. बंद पडलेल्या ब्रँडची गाडी घेताना तुम्ही तिचे मालक होता तसे तिचे स्टोअरकीपरही होता.

आणि शेवटचा इतिहास आपल्या गावाचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा दिवसेंदिवस पाण्यात होतं. पुरात बुडालेली गाडी पुसून, सुकवून पुन्हा बाजारात येते. गालिचा उचला, सीटच्या रुळांवर गंज बघा, बेल्ट पूर्ण बाहेर ओढून चिखलाची रेघ आहे का बघा. आणि स्वतःलाही विचारा, आपल्या सोसायटीत पाणी कुठवर येतं? चार इंच उंचीची गाडी स्टिल्टमध्ये लावणार आणि जुलैत कुठे नेणार? फेब्रुवारी २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो सुरू झालीय. फेरी छान आहे, पण भरती-ओहोटीप्रमाणे उताराचा कोन बदलतो, आणि खाली टेकलेल्या नाकाच्या गाडीला तो बघूनच धडकी भरते.

मग कुठली घ्यावी? माझं उत्तर नाव घेऊन नाही, क्रमाने आहे. जी कंपनी आज भारतात अधिकृतपणे चालू आहे तिची. जी नवी असताना इथल्याच शोरूममधून विकली गेली ती, म्हणजे कस्टम्सचा प्रश्न कंपनीने आधीच सोडवलेला असतो. महाराष्ट्राच्या नंबरची. आणि साठवलेल्या पैशांतले तीन भाग किमतीला, चौथा भाग पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीला बाजूला ठेवूनही जी बसते ती. या चार चाळण्यांतून पाहिल्यावर माझ्या यादीत सतराच्या दोन उरल्या. दोन्ही चांदी रंगाच्या, दोन्हींचे मालक कंटाळवाणे, सगळी बिलं फाईलला लावून ठेवणारे. असा कंटाळवाणा मालक सापडला की सोडू नका.

घरी आईला ती फाईल दाखवली. तिला गाडीतलं काही कळत नाही, पण ती बँकेतून निवृत्त झालीय. पंधरा मिनिटं पानं उलटली आणि म्हणाली, "कागद बरे आहेत. आता घराचं बोलू." ते बोलणं अजून चालू आहे.

तुमच्याकडे अशी फाईल असेल, किंवा नसल्यामुळे फसलेलं कोणी असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये कुर्ल्याची फियाट. तोवर हळू चालवा, बाय.