जांभळाचा बार

आमच्या घरात आजवर एकदाच बार उडाला, तोही जांभळाचा. कर्जतला बदली झाली त्या वर्षी स्टेशनबाहेर बसणाऱ्या एका ठाकर मावशींकडून पाटीभर जांभळं घेतली. सौभाग्यवतींनी त्यांचं सरबत केलं आणि बाटल्यांना घट्ट बुचं मारली. चौथ्या रात्री स्वयंपाकघरात धडाम् असा आवाज झाला. जाऊन पाहतो तो भिंत जांभळी, छत जांभळं आणि शेजारचे काका दारात नाक वर करून हुंगताहेत.

"घरीच करता वाटतं?" काकांनी विचारलं. माझी इतक्या आदराने त्यांनी पूर्वी कधी चौकशी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मावशींकडे तक्रार नेली.

"बाटलीचं तोंड कशाला बांदलंस, दादा? गोडाला श्वास लागतो," त्या म्हणाल्या.

शास्त्रही त्यांच्याच बाजूचं निघालं. फळाच्या सालीवर यीस्ट असतंच. ते साखर खातं, तिची दारू करतं आणि कर्बवायू सोडतं. वायूला वाट मिळाली नाही, की बाटलीचा बॉम्ब होतो. घरी बिअर करणारे हौशी लोक म्हणून पहिला फेस बसल्यावर फळ घालतात. आधी घातलं तर वायूबरोबर फळाचा वासही उडून जातो. मग ते सगळं पुन्हा आंबून शांत झाल्याशिवाय बाटल्या भरत नाहीत. ब्रुसेल्सच्या आसपास तर आंबट चेरी बिअरमध्ये महिनोन्‌महिने मुरत ठेवतात. तिकडे त्याला परंपरा म्हणतात. आपल्याकडे पंचनामा म्हणतात.

एवढं ज्ञान मावशींपुढे पाजळून मी सहज विचारलं, "आणि मोहाचं कसं काय असतं हो?"

मावशींचा चेहरा एकदम बंद झाला. "आमच्याकडं तसलं काय नाय," म्हणाल्या आणि पाटी उचलून चार हात पलीकडे जाऊन बसल्या. एका प्रश्नासरशी मी गिऱ्हाइकाचा पोलीस झालो होतो.

त्या भीतीचं वय शंभराच्या वर आहे, हे मला नंतरच्या वाचनात कळलं. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्याच्या धंद्यावर सरकारची पकड घट्ट झाली. ठाणे-कुलाब्याकडे दारू यायची ती उरणच्या भट्ट्यांतून. तीही मोहाचीच, पण फुलं गुजरातेतून आणलेली! कर्जत-खालापूरच्या रानात फुकट पडणारं फूल सरकारला एक पै देत नव्हतं. तेव्हा १८९२ साली खास ठाणे आणि कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, या जिल्ह्यांसाठी मोहाचा कायदा आला आणि फुलं बाळगणं हाच गुन्हा ठरला. ठाकर-कातकऱ्यांना हे फूल नुसतं पिण्यापुरतं नव्हतं. वाळवून, भाजून ते टंचाईच्या दिवसांत पोटाला आधार होतं. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं, तर रक्कम उरणच्या खात्यात जमा आणि वाडीच्या खात्यात नावे.

पुढे स्वराज्य आलं आणि त्यापाठोपाठ १९४९ चा दारूबंदी कायदाही. मोहाच्या फुलावरचा पहारा काही उठला नाही. चोरट्या भट्ट्यांवर काळा गूळ, नवसागर आणि सडकी केळी शिजू लागली. वास झाकायला संत्र्या-मोसंब्याच्या साली. मग बंदी सैल झाली, १९७३ साली देशी दारूचे नियम झाले आणि परवान्याच्या बाटल्यांवर संत्री-मोसंबी दिमाखात विराजमान झाली. आत फळ किती, हे विचारायचं नसतं. थोडक्यात, फळाचा वास सरकारदरबारी चालला. चालला नाही तो वाडीतल्या फुलाचा.

२०२१ साली राज्य सरकारने मोहफुलं वेचण्या-साठवण्यावरचे निर्बंध उठवले. दारू गाळायला परवाना लागतोच, पण निदान फूल सुटलं. २०२२ मध्ये तर मंत्रिमंडळाने मोहाच्या आणि काजूबोंडाच्या दारूला चक्क विदेशी मद्याचा दर्जा द्यायचं ठरवलं. ही बातमी घेऊन मी त्या जांभळाच्या दिवसांत मावशींकडे गेलो. त्या प्रश्नानंतर पहिल्यांदाच त्या माझ्याकडे बघून हसल्या.

"आमचा मोह विदेशी?"

"दारू हो, मावशी. झाड देशीच."

त्यांनी जरा विचार केला. मग जांभळं निवडता निवडता म्हणाल्या, "मंग माज्या सासऱ्याला कशाला धरून नेला व्हता?"

वीस वर्षं मी लोकांचे हिशेब जुळवत आलो आहे. हा जुळला नाही. मी निमूटपणे पाटीभर जांभळं घेतली आणि घरी आलो. या खेपेला बुचं सैल ठेवली आहेत.