दलालाच्या डायरीपासून रेराच्या नंबरापर्यंत

स्मरणिका समितीने मला सोसायटीचा इतिहास लिहायला सांगितला. नोंदणी, पहिली सर्वसाधारण सभा, टाकीची दुरुस्ती, लिफ्टचं भांडण हे सगळं मिनिट बुकात आहे, ते पुन्हा लिहीत नाही. पण आपण सगळे इथे आलो कसे, हे मिनिट बुकात कुठेच नाही. खरं सांगायचं तर आपल्यापैकी बहुतेकांना जुहूत आणलं ते कुठल्या ना कुठल्या दलालाने.

मी गिरगावच्या चाळीत वाढलो. दोन खोल्या, पागडीच्या. १९४७ च्या भाडे कायद्यात पागडी घेणं गुन्हा होता, तरी अख्खी मुंबई पागडीवरच राहत होती. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आला तेव्हा कुठे तिला मान्यता मिळाली. त्यामुळे चाळीतला व्यवहार म्हणजे दलालाचा शब्द. कागद मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं.

ओनरशिपचं तसं नव्हतं. १९६३ च्या मोफा कायद्याने बिल्डरवर बंधनं घातली होती : मंजूर नकाशे दाखवायचे, जागेवरचा बोजा सांगायचा, आणि किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेण्याआधी करारनामा नोंदवायचा. पण आम्हाला हे सांगणार कोण? सवय चाळीची आणि व्यवहार ओनरशिपचा, अशी आमची गत.

१९९८ साल. तीन वर्षांपूर्वी आभाळाला भिडलेले भाव उतरले होते, म्हणून मी धीर केला. पहिल्या दलालाने समुद्राजवळची एक इमारत दाखवली. "उद्या दुसरी पार्टी येतेय, आजच टोकन द्या," म्हणाला. मी २१ हजार रोख दिले, पावती न घेता. नंतर कळलं की वरच्या मजल्यांना मंजुरीच नव्हती. १९९१ पासून किनाऱ्यालगत सीआरझेडचे निर्बंध आहेत, शिवाय जुहूत विमानतळामुळे उंचीवरही मर्यादा. टोकन गेलं ते गेलंच. आईने त्यासाठी पाटल्या मोडल्या होत्या. ती शेवटपर्यंत त्याबद्दल एक शब्द बोलली नाही, हेच जास्त लागलं.

त्यानंतर भेटले ते डायरीवाले काका. जुन्या सभासदांना आठवत असतील : पांढरा शर्ट, बगलेत लाल डायरी, आणि वेळ सांगितली की पाच मिनिटं आधी हजर. आपली इमारत दाखवताना त्यांनी आधी उणं सांगितलं. पाणी सकाळी थोडाच वेळ येतं, विमानाचा आवाज आहे, मागच्या खोलीत पावसाळ्यात ओल येईल. मग म्हणाले, "माझी दलाली बिल्डर देतोय. म्हणजे मी त्याचाही माणूस आहे. तेव्हा माझ्यावर जाऊ नका, कागद वकिलाला दाखवा." हे ऐकल्यावर मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. आपल्यातल्या निम्म्या घरांची नावं त्या डायरीत होती, असं ते सांगायचे.

पुढे मी सेक्रेटरी झालो आणि दुसरी बाजू बघितली. एका विक्रीत दलालाने घेणाऱ्याला सांगितलं, "सोसायटीला ट्रान्सफरचे एक लाख द्यावे लागतात." तो माणूस पैसे घेऊन ऑफिसात आला तेव्हा उलगडा झाला. ९ ऑगस्ट २००१ च्या सरकारी परिपत्रकाप्रमाणे महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य जास्तीत जास्त २५ हजार. उरलेले ७५ हजार कोणाच्या खिशात जाणार होते, ते सांगायला नको.

आणि एक चूक माझी स्वतःची. आपल्या एका भगिनी सभासदाने, पती गेल्यावर, मला एजंट सुचवायला सांगितला. मी चौकशी न करता ओळखीतला एक सांगितला. त्याने दोन पार्ट्यांकडून टोकन घेतलं. प्रकरण मिटवताना त्यांना पदरचे पैसे भरावे लागले. त्यांनी मला दोष दिला नाही. पण त्या दिवसापासून मी कोणाला एजंटचं नाव सुचवलेलं नाही, आणि कमिटीतल्या कोणीही सुचवू नये असं माझं मत आहे.

१ मे २०१७ पासून आपल्याकडे रेरा कायदा पूर्णपणे लागू झाला. नोंदणीकृत प्रकल्पातलं घर विकणाऱ्या एजंटला महारेराची नोंदणी लागते, आणि २०२३ पासून त्यांच्यासाठी प्रशिक्षण व परीक्षाही आली. करार नोंदवण्याआधी बिल्डरला आता १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. नंबर महारेराच्या साइटवर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. पण जुन्या फ्लॅटची विक्री आपसातली असते, तिथे हे संरक्षण फारसं पोचत नाही. तिथे आपणच जागं राहायचं.

आता रिडेव्हलपमेंटची चर्चा सुरू झाल्यापासून गेटवर रोज नवीन व्हिजिटिंग कार्ड येतंय. मुलं परदेशात, आईवडील एकटे, अशी घरं हे लोक बरोबर हेरतात. म्हणून पंचवीस वर्षांचा अनुभव थोडक्यात सांगतो. दलाली किती टक्के, कोण देणार आणि कधी, हे घर बघायच्या आधी लिहून घ्या. दोन्ही बाजूंकडून घेणार का, हे तोंडावर विचारा. टोकन चेकनेच, घरमालकाच्या नावाने, आणि पावतीत रक्कम कधी परत मिळेल ते असू द्या. शेअर सर्टिफिकेट, आधीचे सगळे करारनामे, इंडेक्स टू, ओसी आणि बँकेचा बोजा हे स्वतःच्या वकिलाकडून तपासा, एजंटने आणलेल्या वकिलाकडून नको. आणि सोसायटीला किती द्यायचे ते सोसायटीच्या ऑफिसातच विचारा.

डायरीवाले काका आता नाहीत. मी त्यांना एकदा विचारलं होतं, "गिऱ्हाईकाला उणं आधी का सांगता?" ते म्हणाले, "ओल पहिल्या पावसात दिसणारच. त्याच्या आधी मी सांगितलेली बरी."

मागच्या खोलीत ओल अजून येते. दर जूनमध्ये भिंतीवर तो डाग उमटला की मला त्यांची आठवण होते.