तुमची, आमची आणि आपली

माझी आजी ही माझ्या वडिलांची सावत्र आई होती, हे मला बारा वर्षांचा होईपर्यंत ठाऊक नव्हते. आजोबांची पहिली बायको पाच मुले मागे ठेवून वारली. मग एकोणिसाव्या वर्षी आजी या घरात आली आणि तिला स्वतःची चार मुले झाली. माझे वडील पहिल्या पाचांतले. दिवाळीला आम्ही सगळी नातवंडे गावी जमत असू. नरकचतुर्दशीच्या पहाटे आजी ओळीने ताटल्या मांडून फराळ वाढी. करंज्या मोजून दोन, लाडू एक. गंमत अशी की, तिच्या पोटच्या मुलांच्या मुलांना ती नेहमी शेवटी वाढी आणि मोडकी करंजी हटकून त्यांच्याच वाट्याला जाई. आम्हांला वाटे, आजी आपल्यावर जास्त प्रेम करते. ती कशाला भीत होती, हे कळायला पुष्कळ वर्षे जावी लागली.

ही आठवण आता निघण्याचे कारण एक अमेरिकन चित्रपट. गेल्या सुट्टीत नातवंडांनी तो घरी लावला आणि मलाही ओढून बसविले. मूळ इंग्रजी नावाचा अर्थ 'तुमची, माझी आणि आपली' असा. 'युअर्स, माइन अँड अवर्स' हा चित्रपट एप्रिल १९६८ मध्ये तिकडे प्रदर्शित झाला. दहा मुलांचा एक विधुर आणि आठ मुलांची एक विधवा लग्न करतात, एवढीच त्याची कथा. नातवंडे पोट धरधरून हसली. शेवटी धाकटीने विचारले, "आजोबा, हे खोटंच ना? इतकी मुलं कुणाला असतात का?"

तर मंडळी, हे खोटे नाही. फ्रँक बिअर्डस्ली हा अमेरिकेच्या आरमारातला मनुष्य. बायको वारली तेव्हा त्याच्या पदरी दहा मुले होती. हेलन नॉर्थ हिचा नवरा आरमारी वैमानिक होता. १९६० साली तो विमान अपघातात गेला. तिला आठ मुले. या दोघांनी ६ सप्टेंबर १९६१ रोजी कॅलिफोर्नियातील कार्मेल येथे लग्न केले. दहा आणि आठ अठरा. पुढे त्यांना आणखी दोन मुले झाली आणि आकडा विसावर गेला. हेलनबाईंनी या संसाराची हकीकत पुस्तकरूपाने लिहिली. ते पुस्तक १९६५ साली निघाले. त्याच्या नावाचा अर्थ 'तंगडी कुणाला?' असा आहे. थँक्सगिव्हिंग हा त्यांचा मोठा घरगुती सण, आणि त्या दिवशी ताटात टर्की पक्षी हवाच. पण टर्कीला तंगड्या दोन आणि खाणारी मुले वीस! हे वाचले आणि मला आजीच्या मोजलेल्या करंज्या आठवल्या. सण कोणताही असो, वाटणीचा प्रश्न सगळीकडे एकच.

ल्युसिल बॉल या विनोदी नटीने हे कथानक पडद्यावर आणावयाचे मनावर घेतले. दूरचित्रवाणीवरील 'आय लव्ह ल्युसी'मुळे ती अमेरिकेत घरोघरी ठाऊक होती. नायक हेन्री फोंडा, दिग्दर्शक मेलव्हिल शॅव्हेलसन. लग्नाच्या वेळी खऱ्या हेलनबाई तिशी नुकतीच ओलांडलेल्या होत्या, तर पडद्यावरच्या हेलनबाईंनी पंचावन्नी ओलांडली होती. प्रेक्षकांनी हे खुशाल खपवून घेतले. व्हिएतनामचे युद्ध पेटलेले, रस्त्यांत निदर्शने चाललेली, चित्रपट लागण्यापूर्वी तीनच आठवडे मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झालेली. अशा वर्षी लोक मुलाबाळांसह हा चित्रपट पाहावयास गेले आणि त्याने खर्चाच्या कितीतरी पट पैसा मिळविला. पुढच्याच वर्षी तिकडे दूरचित्रवाणीवर 'द ब्रेडी बंच' ही याच जातीची मालिका सुरू झाली. २००५ साली याच नावाने हा चित्रपट नव्याने निघाला.

चित्रपटातली गंमत बहुतेक हिशेबाची आहे. फ्रँक आरमारी शिस्तीचा. तो नव्या घरात प्रत्येक मुलाला क्रमांक, रंग आणि अक्षर नेमून देतो. कोणी कोणत्या खोलीत निजायचे, कोणी कोणत्या न्हाणीघरात जायचे, सारे जहाजावरच्यासारखे. सकाळी शाळेच्या डब्यांची तर पंगतच. त्याआधी, होणाऱ्या सावत्र आईची फजिती करावी म्हणून थोरले मुलगे तिच्या पेल्यात नाना प्रकारचे मद्य मिसळतात. तिला हसू आवरत नाही आणि रडूही आवरत नाही. आपणही हसतो. पण हसता हसता ध्यानात येते की, ही मुले दुष्ट नव्हेत. आईची खुर्ची कुणी घ्यावी, हे त्यांना सहन होत नाही. या साऱ्या विनोदाच्या तळाशी दोन मृत्यू आहेत आणि चित्रपट ते विसरत नाही.

मला सर्वांत आवडला तो शाळेतला प्रसंग. नॉर्थांपैकी एक लहानगा शाळेत आपले आडनाव बिअर्डस्ली असे लिहू पाहतो. बाई म्हणतात, तुझे कायदेशीर नाव नॉर्थ. ते पोर हट्टाला पेटते. इतके दिवस मोठी माणसे क्रमांक आणि रंग वाटीत बसली, आणि एका पोराने न सांगता आपले आडनाव निवडले. मग प्रश्न निघतो दत्तकाचा. त्याने तिची मुले दत्तक घ्यावयाची आणि तिने त्याची. थोरल्या मुलांचा आधी विरोध असतो. दत्तक म्हणजे गेलेल्या आईबापांवर बोळा फिरविणे, असे त्यांना वाटते. शेवटी नवे बाळ येते, न्यायाधीशासमोर दत्तकविधी होतो आणि एक घर तयार होते.

इतिहास मात्र चित्रपटाइतका गोड नसतो. त्या वीसांपैकी एका मुलाने २०१३ साली आपले आत्मकथन प्रसिद्ध केले. पडद्यावरचे घर आणि आपण वाढलो ते घर यांत फार अंतर होते, तिथे धाक आणि मार होता, असे त्याने लिहिले. आईचे पुस्तक एक सांगते, मुलाचे दुसरे. मला त्यात नवल वाटले नाही. माझ्या आजीच्या घराचीही हकीकत नऊ मुलांनी नऊ प्रकारे सांगितली असती.

आपल्याकडे याच कल्पनेवर १९७८ साली बासू चटर्जी यांनी 'खट्टा मीठा' काढला. अशोककुमार हे चार मुलग्यांचे वडील आणि पर्ल पदमसी या दोन मुलगे नि एक मुलगी यांची आई. अठराची सात झाली, कारण मुंबईच्या जागेत याहून जास्त मावत नाहीत! पण दिग्दर्शकाने हे कुटुंब पारशी का केले? मला वाटते, प्रौढ वयाची विधवा आई पुन्हा बोहल्यावर चढते, हे तेव्हाच्या आपल्या प्रेक्षकाला पारशी घरात सहज पटले असते, स्वतःच्या आळीत मात्र नाही.

आपली भाषाच पाहा ना. 'सापत्न' हा शब्द 'सपत्नी'वरून, म्हणजे सवतीवरून आला. एका पुरुषाच्या दोन बायका हे गृहीतच. दुसरे लग्न करणाऱ्या पुरुषाला 'बिजवर' हा सुटसुटीत शब्द, विधवेसाठी मात्र त्या तोडीचा मानाचा शब्द नाही. अनेक जातींत पाट लावण्याची चाल होती, पण तिला लग्नाची बरोबरी नव्हती. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेचा पुनर्विवाह कायदेशीर ठरविला खरा. परंतु त्याच कायद्याने पुनर्विवाह करणारीचा मृत पतीच्या मिळकतीवरील हक्क जाई. इतकेच नव्हे, तर मुलांसाठी दुसरा पालक नेमावा, असा अर्ज पतीच्या नातेवाइकांना न्यायालयात करता येई. म्हणजे हेलनबाई त्या काळी आपल्याकडे असत्या, तर आठ मुले घेऊन नव्या घरी जाणे दूरच राहिले, आठांतले एखादे तरी आपल्यापाशी राहील की नाही, ही धास्ती त्यांना पडली असती. हा कायदा पुस्तकातून निघाला तो १९८३ साली.

याच संदर्भात धोंडो केशव कर्वे यांचे घर आठवते. १८९१ साली त्यांची पहिली पत्नी राधाबाई वारली. पदरी मुलगा रघुनाथ. १८९३ साली त्यांनी पुण्यात गोदूबाई या बालविधवेशी लग्न केले. मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकले. गोदूबाईंची आनंदीबाई झाली आणि तिला पुढे तीन मुलगे झाले. तिच्या पदरी आधीची मुले नव्हती, तरीही एवढा गहजब! आणि इतिहासाची थट्टा अशी की, याच घरातल्या पहिल्या मुलाने, रघुनाथरावांनी, १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि लहान कुटुंबाचा प्रचार करण्यात जन्म वेचला. 'वीस मुले' म्हटल्यावर त्यांचा चेहरा कसा झाला असता, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आता पुन्हा त्या चित्रपटाच्या नावाकडे येतो. इंग्रजीत 'अवर' हा एकच शब्द. आपल्याकडे दोन आहेत, 'आमचे' आणि 'आपले'. 'आमचे' म्हटले की समोरचा बाहेर राहतो आणि 'आपले' म्हटले की तो आत येतो. दोन घरांचे एक घर होणे म्हणजे 'आमचे'पासून 'आपले'पर्यंत चालत जाणे. अमेरिकन बोलपटाला ती वाट दोन तासांत संपवावी लागते. आमच्या घरात तिला पन्नासाहून अधिक वर्षे लागली.

माझे थोरले काका आजी घरात आली तेव्हा बारा वर्षांचे होते. इतर भावंडे तिला 'आई' म्हणू लागली, त्यांनी शेवटपर्यंत 'माई'च म्हटले. धाकट्या सावत्र भावांशी बोलताना ते म्हणत, "तुमच्या आईला विचारा." आजीने ते कधी मनाला लावून घेतल्याचे दाखविले नाही. मोडकी करंजी ती आपल्याच नातवंडांना देत राहिली. सावत्रपणाचा आळ येऊ नये म्हणून तिने आपल्या पोटच्यांवर किती अन्याय केला, हे कुणी मोजले नाही.

ती गेली तेव्हा धाकटे काका परगावी नोकरीला होते. थोरल्या काकांनी त्यांना पाठविलेले पत्र मी स्वतः टपालपेटीत टाकले. पत्र चार ओळींचे होते. पहिली ओळ अशी: आपली आई काल पहाटे गेली.